दोन सीटांची निळी मोटार

परवा नागपूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. इंटरनेटवर त्याला कुठलीशी जुनी, दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार विकायला दिसली होती. कित्येक वर्षं पडून आहे, पण नीट केली तर लोक वळून वळून बघतील, असं त्याचं म्हणणं. मावशी, तुमच्याकडे होती ना तशी एक, घ्यावी का, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, घेऊ नको. का, म्हणून विचारलं तेव्हा शहाणी माणसं देतात ती सगळी कारणं दिली. सुटे भाग मिळत नाहीत, जागा अडते, घरात भांडणं होतात, आणि चालू झालीच तरी तिचं करायचं काय हा प्रश्न उरतोच. यातलं एकही कारण खोटं नाही. पण फोन ठेवल्यावर माझीच मला चीड आली. ज्या माणसानं आमच्याकडे ती गाडी आणली त्याला ही कारणं माझ्यापेक्षा जास्त माहीत होती आणि तरी त्यानं ती आणली.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. गोंदियाला रेल्वेत फिटर होते. छोट्या लाईनवरच्या वाफेच्या इंजिनांवर हात काळे करून शिकले, मग डिझेल आलं तेही शिकले, आणि एक दिवस गळ्यात हार, हातात छत्री घेऊन रिटायर झाले. आई आधीच गेली होती. मोठी बहीण नागपूरला दिलेली. मी लग्न मोडून परत आलेली, सालेकशाकडच्या शाळेत मास्तरीण. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं, आणि घरी येऊन बापाशी वाद घालायचे, असा माझा दिनक्रम होता. वादाला विषय लागत नसे. दोघांचाही स्वभाव तापट, फरक इतकाच की मी बोलायची आणि ते गप्प बसायचे. त्यांच्या गप्प बसण्याचा राग मला जास्त यायचा.

रिटायर झाल्यानंतरच्याच उन्हाळ्यात त्यांनी मला एका राईस मिलमध्ये नेलं. मिलच्या मागच्या अंगाला धान भरडून उरलेल्या भुशाचा डोंगर होता. त्या भुशात दारापर्यंत रुतलेली एक मोटार उभी होती. पुढं लांबलचक नाक, सायकलीसारखी तारांची चाकं, वर छप्पर नाही, आत दोनच सीटा आणि त्यांच्याही नुसत्या स्प्रिंगा. मिलचा मालक म्हातारा होता. त्याला वाटलं आम्ही भंगार न्यायला आलोय. "ले जाओ, जगह खाली हो जायेगी," एवढं म्हणून तो आत गेला. बाबा मात्र त्या गाडीभोवती असे फिरत होते की मला वाटलं, यांचं डोकं फिरलंय.

ट्रॅक्टरला दोर बांधून ती आमच्या दारात आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती. तिच्या पोटातून वाटभर भुसा सांडत आला होता. आमच्या घराला बाहेरून प्लास्टर नव्हतं, न्हाणीला दाराऐवजी पडदा होता, पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागत. अशा घरापुढं विलायती मोटार, आणि तीही न चालणारी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी त्या संध्याकाळी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बाबा पाना पुसत बसले होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हे आमच्या मालगुजाराची गाडी होय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांचं गाव सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून. गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, अशीच उघडी मोटार होती. पावसाळ्यात ती नाल्यात फसायची. फसली की माणूस आमच्या वस्तीत बोलवायला यायचा, आणि वस्तीतले सगळे पुरुष चिखलात उतरून तिला ढकलत. बाबा तेव्हा शाळेत जायच्या वयाचे होते, तेही ढकलायला जात. मालगुजार काठावर छत्री धरून उभा. गाडी वर आली की ड्रायव्हर नाल्यातून पाणी आणून जिथं जिथं यांचे हात लागले तिथं तिथं ती धुऊन काढायचा. मगच मालक बसायचा. हे सांगताना बाबांचा आवाज चढला नाही की पडला नाही.

"गाडी आमच्या हातानं निंगे आन आमच्याच हातानं बाटे," ते म्हणाले.

ही तीच गाडी कशावरून, असं मी विचारलं. मालगुजाराचा मुलगा गोंदियाला धानाच्या व्यापारात बुडाला, त्याचं सामान या मिलवाल्याकडे आलं, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. पुरावा म्हणाल तर एवढाच. ती गाडी तेव्हा काळी होती की हिरवी यावर तर त्यांचंच मत दर आठवड्याला बदलायचं. मला ते शेवटपर्यंत पूर्ण पटलं नाही. पण त्यांना पटलं होतं, आणि त्यांचं सगळं ठरलं होतं. गाडीत दोनच जागा होत्या. एका जागी चालवणारा. दुसऱ्या जागी, चौदा एप्रिलच्या जयंतीला, महामानवाची तसबीर. दरवर्षी आमच्या वस्तीची मिरवणूक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निघायची. आता ती तसबीर या गाडीतून निघणार आणि बाजूला बाबा बसणार. अट एकच, गाडी आपल्या दमानं चालली पाहिजे. धक्का मारून नाही.

मी म्हणाले, त्यापेक्षा एक उघडी जीप भाड्यानं घ्या, सगळे घेतात. ते म्हणाले, "जीप कोनाची बी भेटते." मी तो विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे, त्यापुढं काही बोलले असते तर मीच वाईट ठरले असते म्हणून.

पहिले सहा-सात महिने मी त्या गाडीचा मनापासून द्वेष केला. अंगणात दोरी बांधायला जागा उरली नव्हती. ज्याला त्याला तेच विचारायचं, गाडी कुठवर आली. कुठवर येणार? जिथं होती तिथंच होती. तिच्या पत्र्याच्या आत सगळा सांगाडा लाकडाचा निघाला, आणि त्या लाकडाला उदई, म्हणजे वाळवी, लागलेली. पत्रा उचकटला की आतून माती गळायची. गाडीला उदई लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आमची वस्ती वर्षभर त्यावर हसली. कुणी म्हणायचं गाडीला शेण सारवा, कुणी म्हणायचं इंजिन काढून धान मळायच्या मशीनचं इंजिन बसवा, निदान पोतं तरी वाहील. बाबा ऐकून घ्यायचे.

त्या वर्षीच्या थंडीत ते दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. रोज एकाच बाजूचा. ताटात वाढलेली भाजी बाजूला असली तर तशीच राहायची. एकदा रस्ता ओलांडताना सायकलवाला अंगावर आला तो त्यांना दिसलाच नाही. मी त्यांना ओढत नागपूरला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली आहे, गेलेली परत येत नाही, थेंब टाकून उरलेली जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. किती टिकेल ते सांगता येत नाही. परतीच्या गाडीत बाबा तुमसर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एप्रिलपर्यंत राहीन नं?"

मला आधी वाटलं ते मरणाबद्दल विचारताहेत. मग समजलं, नजर म्हणताहेत. मी म्हणाले, राहील.

त्या दिवसापासून मी पक्ष बदलला. आजवर जिला शिव्या घातल्या ती गाडी आता चाललीच पाहिजे असं मला झालं, आणि तिच्याबद्दल मला बाबांपेक्षा जास्त घाई झाली. त्यांच्याजवळ निदान धीर होता. माझ्याकडे तोही नव्हता. शाळेत फळ्यावर लिहिताना माझ्या मनात पाने-पेचकस चालायचे. घरी आले की पदर खोचून टॉर्च धरायची, कारण बाबांनी ठेवलेली वस्तू त्यांनाच सापडत नसे. लोकांना आम्ही डोळ्यांचं काही सांगितलं नाही. मिरवणूक बैलाच्या चालीनं जाते, तेवढं समोरचं मला दिसतं, असं ते म्हणायचे. मी ते मानून घेतलं, कारण मला ते मानायचंच होतं.

पहिल्या वर्षीचा एप्रिल तसाच गेला. मिरवणूक ट्रॅक्टरवर निघाली आणि आमची गाडी विटांवर उभी होती. बाबा मिरवणुकीत पायी चालले, घरी आले आणि पुन्हा पाना हातात घेतला. मी त्या दिवशी जेवले नाही.

सांगाडा नव्यानं करायला चिचगडकडचा एक सुतार आणला. खासरं, म्हणजे बैलगाड्या, करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं जंगलातलं उत्तम लाकूड आणून असा दणकट सांगाडा केला की त्यात धान भरून बाजाराला नेता आलं असतं. वर पत्रा बसेना, दारं लागेनात, आणि चाकांच्या तारा त्या वजनानं कुरकुरू लागल्या. नाकापेक्षा मोती जड. सुतार म्हणाला, मजबूत नको का? बाबा किती महिन्यांनी हसले. मग ते सगळं लाकूड पुन्हा रंधा मारून अर्ध्यावर आणण्यात पावसाळा संपला. इंजिनातले पिस्टन जाम होते. त्यात बाबा मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल ओतून ठेवायचे, आमच्या घराला महिनोन्महिने त्या तेलाचा वास होता. जो भाग इथं मिळत नसे त्याचा नमुना फडक्यात बांधून, ड्युटीवर कलकत्त्याकडे जाणाऱ्या एखाद्या जुन्या सोबत्याच्या हाती द्यायचे. तो तिथल्या भंगार बाजारात शोधायचा. कधी भाग यायचा, कधी चुकीचा यायचा आणि तसाच परत जायचा. या येण्याजाण्यात आठवडे जात. तेवढ्यात बाबांची नजर आणखी आकसायची, आणि मी स्टेशनवर त्या फडक्याची वाट बघत उभी असायची. एकदा चुकीचा भाग आला तेव्हा मी प्लॅटफॉर्मवरच रडले. तो आणणारा माणूस बिचारा माझीच माफी मागत राहिला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती सुरू झाली. आधी खोकली, मग धूर सोडला, मग सगळ्या गल्लीच्या खिडक्या थरथरल्या. बाबा आत बसले, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत गेले आणि उलट्या गिअरनं परत आले. इंजिन बंद करून तसेच बसून राहिले. "चालली," एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे आज लिहायला काही हरकत नाही.

मग त्यांनी तिला गडद निळा रंग दिला. मधला भाग त्यांनी रंगवला, कडा मी रंगवल्या. जयंतीच्या कमिटीनं ठराव केला की यंदा आपली गाडी पुढं. जे हसले होते तेच आता पाहुण्यांना आमचं अंगण दाखवायला आणू लागले.

तेरा एप्रिलला संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी घरी आले. जयंतीच्या आदल्या दिवशी आमची वस्ती ओळखू येत नाही. घराघराला चुना, विहाराची फरशी घासलेली, गल्ली नळीनं धुतलेली, वर निळ्या पताका. त्या दिवशी अस्वच्छ म्हणून काहीच ठेवायचं नाही असा बायकांचा दंडक. आमच्या अंगणात महिला मंडळाच्या आठ-दहा बायका ओचे खोवून उभ्या होत्या, आणि मधे आमची गाडी. ओली. चकाकत होती. पुढं शेजारची मावशी होती, जिनं आई गेल्यावर मला महिनाभर स्वतःच्या हातानं जेवू घातलं होतं. तिच्या हातात नळी आणि नारळाच्या शेंडीचा चोथा. त्या गाडीच्या नाकाची झाकणं दोन्ही बाजूंनी पेटीसारखी उघडतात. तीही उघडी होती.

"आतून बी धुतली, बाई," मावशी म्हणाली. "केवढं कारं होतं. साबनाचं अख्खं पाकीट लागलं."

वर्षभर टॉर्च धरून मला इतकं नक्की कळत होतं की पाणी कुठं जायला नको. ते सगळीकडे गेलं होतं. जिथून हवा आत जाते तिथं, जिथून करंट वाटला जातो त्या डबीत, वायरींच्या मुळाशी. ग्रीस निघालं होतं. इंजिन आमच्या घरातल्या भांड्यांपेक्षा स्वच्छ होतं. बाबा डोळ्यांत थेंब टाकून आत पडले होते. त्यांना अचंब्यात टाकायचा हा बायकांचा बेत होता. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते. तेवढ्यात बाबा चौकट चाचपत बाहेर आले. त्यांनी झाकणावर हात ठेवला, मग आत घातला, आणि ओली बोटं नाकाशी नेली. मावशीनं विचारलं, कशी झाली भाऊ?

"मस्त धुतली," बाबा म्हणाले. "कारखान्यातून निंगाली तवा बी एवढी साफ नसन."

बायका हसत घरी गेल्या. मी दार लावलं आणि फुटले. दोन वर्षं, मी म्हणाले, दोन वर्षं आणि तुमचे डोळे, आणि या अडाणी बायांनी साबण लावून सगळं धुऊन टाकलं, आणि तुम्ही मस्त म्हणता? मी आता जाऊन मावशीला सांगते. बाबांनी मला बसवलं.

"त्याईले कधीच सांगायचं नाही," ते म्हणाले. "मालगुजार आपला हात लागला म्हून धुवे. ह्याईनं मायेनं हात लावून धुतली."

मग माझ्या जुन्या सुती लुगड्याची फडकी केली आणि जिथं हात पोचेल तिथं टिपत बसलो. जिथं हात पोचत नव्हता तिथं पाणी होतंच.

सकाळी गाडी सुरू झाली नाही. बटणानं नाही, मग दांडा लावून फिरवली तरी नाही. बॅटरीही त्यात गेली. बाबा पांढरा सदरा, पांढरी पँट घालून तयार होते, दांडा फिरवून सदऱ्याच्या बगला भिजल्या. तोवर ढोल आले, पोरं आली, कमिटीची माणसं तसबीर घेऊन आली. हार घालून ती डावीकडच्या सीटवर ठेवली. सगळं जसं दोन वर्षं मनात पाहिलं होतं तसंच होतं, फक्त गाडी चालत नव्हती. बाबा आत बसले, उतरले, पुन्हा बसले. उन्हं चढू लागली. लहान पोरं पायांवरून पाय बदलत उभी होती. मी मनात त्या इंजिनाच्या पाया पडत होते. मी कुणाच्या पाया पडणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी पडले.

तरुण पोरं पुढं आली, म्हणाली धक्का मारून देतो, शंभरजण आहोत, विहारापर्यंत अशीच नेऊ. बाबा नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा नाही म्हणाले, या वेळी मोठ्यानं. कमिटीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मागून कुणीतरी भंगार म्हणालं. आणि मग बायकांच्या घोळक्यातून मावशीचाच आवाज आला, की एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी सगळ्या वस्तीचा खोळंबा झाला.

मी गर्रकन वळले. बाबांचा हात माझ्या मनगटावर पडला. त्यांच्या ज्या बाजूला मी उभी होते त्या बाजूचं त्यांना दिसत नसे, पण मनगट त्यांनी बरोबर धरलं.

"बॅटरी बसली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माही. काल पाहाले पायजे होती. न्या तुमी, उशीर नोका करू."

तसबीर उचलून ट्रॅक्टरवर गेली. सीटवर झेंडूच्या पाकळ्या राहिल्या. मिरवणूक वळणाआड गेली, ढोल लांब गेले, आणि गल्लीत आम्ही दोघं आणि ती निळी मोटार उरलो. घराघराला कुलपं. मग मी ओरडले. कुणावर ओरडायचं ते ठरत नव्हतं, म्हणून बाबांवरच ओरडले. का घेतलीत, काय मिळालं, दोन वर्षांत माझं घर झालं असतं, तुमचे डोळे झाले असते. डोळे झाले नसते हे मला माहीत होतं. बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. माझा आवाज बसल्यावर म्हणाले, पाना दे.

आम्ही ती डबी उघडली, वायरी सोडल्या, प्लग काढले आणि सगळं पत्र्यावर उन्हात मांडलं. गोंदियाच्या एप्रिलचं ऊन म्हणजे पापड उलटायला गेलं तर हात भाजतो. आम्ही सावलीत बसून ते सुकताना बघत राहिलो. शेजारच्या पानठेल्यावाल्याकडून मी बॅटरी मागून आणली, तो दिवसभर पंखा लावायला वापरायचा ती. दुपार कलल्यावर सगळं परत जोडलं. टॉर्चची गरज नव्हती, पण मी सवयीनं धरली होती. बाबांनी बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. आता काय?

"बस," बाबा म्हणाले. "वापस येत असन मिरवनूक. मोठ्या रस्त्यावर भेटू."

तसबिरीच्या जागी मी कशी बसू, असं मला झालं. पाकळ्या तशाच होत्या. मी म्हणाले, मी पायी येते बाजूनं. ते म्हणाले, बस, मले डावीकडचं सांगजो. मग मी बसले.

कडुनिंबापर्यंत ठीक गेलो. तिथं वळायचं होतं. ते वळेनात. मी म्हणाले, डावीकडे, तेव्हा उशिरा वळले, चाक नालीच्या काठाला घासलं. पुढं कुत्रं झोपलं होतं. मी थांबा म्हणाले तेव्हा थांबले. दिसत नाही का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ऊन हाये सामोर. ऊन समोर होतंच. पुढं गोदामाच्या भिंतीची लांब सावली लागली, तिथं ऊन नव्हतं. सरळ जायचं की वळायचं, हे तिथंही त्यांना विचारावं लागलं. "आता सरका का वरावं?"

तेव्हा मला कळलं. फेब्रुवारीत ते कडुनिंबापर्यंत गेले ते सवयीनं गेले होते. वर्षभर मी त्यांना टॉर्च दाखवत होते आणि ते बोटांनी काम करत होते. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. सरळ, मी म्हणाले. आता थोडं उजवीकडे. आता सरळ. माणसाच्या पायाच्या चालीनं आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. गाडीचा आवाज इतका मोठा होता की मला ओरडून सांगावं लागत होतं.

मिरवणूक समोरून येत होती. पुढं नाचणारी पोरं, मग स्पीकर लावलेली गाडी, मग बायका, आणि पार मागं ट्रॅक्टर. मी थांबा म्हणाले. बाबा थांबले.

"लेकरं हायेत का सामोर?"

"खूप आहेत."

"मंग बंद करतो," असं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती, तरी केलं.

पोरांनी गाडी पाहिली आणि धावत आली. चालली, बाबाजीची गाडी चालत आली, असा एकच गलका झाला. आमच्या दोन्ही बाजूंनी मिरवणूक वाहू लागली. मावशी घामानं निथळत आली, झाकणावर हात ठेवून म्हणाली, चालली नं भाऊ? बाबा म्हणाले, हो, चालली. तिला खरंच आनंद झाला होता. मी तिच्याकडे बघून हसले, आणि ते हसू मला फार महाग पडलं.

स्पीकरची गाडी आमच्या अगदी जवळून जाऊ लागली. गाणं असं जोरात होतं की छाती हलत होती. बाबा सीटवरून उठून उभे राहिले. सदरा नीट केला, आणि त्या स्पीकरच्या गाडीकडे तोंड करून दोन्ही हात जोडले, डोकं वाकवलं. तिच्यावर तसबीर नव्हती, फक्त स्पीकरचे डबे होते आणि डब्यांवर बसलेली दोन पोरं. ती पोरं गोंधळून बघू लागली.

ट्रॅक्टर अजून मागं होता. तो आमच्यासमोर आला तेव्हा मी सीटवर उभी राहिले आणि बाबांचे खांदे धरून त्यांना तिकडं वळवलं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"आता बराबर हाये?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणाले.